धसका

माझी मावशी तेवीस वर्षं घरात झोपली नाही. उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत आणि थंडीत त्याच पडवीत दोन वाकळा अंगावर ओढून. घर नवं होतं, पुनर्वसनात मिळालेलं, भूकंप सोसेल असं बांधलेलं. आत पलंगही होता. त्याच्यावर ज्वारीची पोती आणि पाहुण्यांची अंथरुणं रचलेली असत. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "आत नगं बाई. हितं वारं लागतंय." ते उत्तर आम्ही सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं.

तिचं गाव तेरणा नदीच्या काठचं. नाव लिहीत नाही, कारण ही हकिकत लिहायला तिनं परवानगी दिली ती "माझं नाव नगं, गावाचं बी नगं" या अटीवर. त्या पट्ट्यातलं कुठलंही गाव घेतलं तरी तारीख तीच आहे: ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून, उशिरापर्यंत जागून माणसं गाढ झोपली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं त्या पहाटे जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सापडतो. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं हा भूकंप फार तीव्र नव्हता, सहाच्या थोडा वर. माणसं मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, त्यावर तुळयांचं माळवद आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेली माती. उन्हाळ्यात गारवा देणारं ते घर झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

मावशीची सासू आणि सहा वर्षांचा धाकटा मुलगा त्यात गेले. ती, काका आणि थोरली मुलगी वाचली. मावशी तेव्हा चौतीस वर्षांची होती.

पुढं तिनं सगळं केलं. मुलीचं लग्न केलं, शेत सांभाळलं, काकांचं आजारपण काढलं. बाहेरून बघणाऱ्याला ती सावरलेलीच दिसायची. फक्त रात्री ती घरात नसायची. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली, की हातातलं टाकून ती अंगणात यायची. गणपती विसर्जनाची हलगी वाजायला लागली की मळ्यात निघून जायची. पहिल्या पावसानं भिजलेल्या मातीचा वास सगळ्यांना हवासा वाटतो. तिला त्या वासानं मळमळायचं. मुलाचं नाव ती घेत नसे. आणि ती हसायची तेव्हा पूर्ण हसत नसे. हे शेवटचं मला फार उशिरा कळलं, तिला पूर्ण हसताना पाहिल्यावर.

"तिनं धसका घेतलाय," आजी म्हणायची.

धसका हा शब्द आपल्या घराघरांत आहे. त्याचे भाऊबंदही आहेत: हाय खाणं, भीती बसणं, काळजात धस्स होणं, हबकून जाणं. 'ट्रॉमा' हा शब्द वर्तमानपत्रांतून आणि डॉक्टरांच्या तोंडून आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या बायाबापड्यांना माहीत होतं, की एखादी घटना माणसाच्या आत शिरते आणि घडून गेली तरी निघून जात नाही. 'भीती बसली' या दोन शब्दांत किती नेमकं निरीक्षण आहे! येऊन गेली नाही, येऊन बसली.

पण या शब्दाच्या पुढं आपल्याकडे जे वाक्य येतं ते ऐका. 'त्यानं धसका घेतला आणि अंथरूण धरलं.' 'तिनं हाय खाल्ली आणि वर्षभरात गेली.' धसका घेतला, मग दवाखान्यात दाखवलं, मग बरं वाटलं, असं माझ्या लहानपणी मी एकदाही ऐकलं नाही. आजीनं निदान बरोबर केलं होतं. त्यावर इलाज असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि शिकलेल्या आम्हालाही ते ठाऊक नव्हतं.

शास्त्रालाही हे कळायला वेळ लागला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक थरथरत, रात्री ओरडून उठत, काहींची वाचा जाई. त्याला 'शेल शॉक' म्हटलं गेलं, पण पुष्कळदा त्यांना भित्रे समजून शिक्षा झाल्या. पळून गेल्याच्या किंवा भ्याडपणाच्या आरोपावरून ब्रिटिश सैन्यानं ज्यांना गोळ्या घातल्या त्यांतल्या ३०६ जणांना २००६ साली सरकारनं मरणोत्तर माफी दिली. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी बराच रेटा लावला, तेव्हा कुठं १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हे नाव आलं. मराठीत त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात. डॉक्टरमंडळी पीटीएसडी म्हणतात.

आत नेमकं काय होतं? मला ते सोलापूरच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी मावशीसमोर, मावशीला कळेल असं सांगितलं, तेव्हा मलाही पहिल्यांदा नीट कळलं. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला. त्याचं काम राखणदाराचं. धोका दिसला की विचार करायच्या आधी तो आरोळी ठोकतो; छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. त्याच्याजवळच दुसरा एक भाग आहे, हिप्पोकॅम्पस. घडलेल्या गोष्टीवर तारीख, वार आणि ठिकाण घालून ती मागं ठेवून देणं हे त्याच्या कामांपैकी एक. एरवी दोघांचं जमतं. पण प्रसंग फारच भयंकर असला की राखणदाराच्या आरोळीपुढं दुसऱ्याची नोंद कच्ची राहते. आवाज, वास, अंगावरचं ओझं, सगळं साठतं. त्यावर 'हे झालं, संपलं' असा शिक्का बसत नाही. मग वीस वर्षांनी खिडकीची काच थरथरली की ती आठवण म्हणून येत नाही. परत घडते.

"म्हणजे बघा मावशी," त्या म्हणाल्या, "तुमचा राखणदार काही बिघडलेला नाही. तो अजून १९९३ सालातच पहारा देतोय."

मावशीनं मान डोलावली. "त्येला कुणी सांगितलंच न्हाई, दिस उजाडला म्हणून."

धसका म्हणून जे जे आम्ही पाहत होतो, त्याला पुस्तकात चार कप्पे आहेत. प्रसंग पुन्हा पुन्हा अनुभवणं: स्वप्नांत, जागेपणी, शरीरात. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, बोलणी टाळणं. स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मन काळवंडणं: माझीच चूक, कुणाचा भरवसा नाही, कशातच गोडी नाही. आणि अंग सतत सावध असणं: झोप नाही, दचकणं, चिडचिड. हे एक महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्यात आडवं यायला लागलं, तर तो विकार. काहींना तो सहा महिन्यांनंतरही दिसायला लागतो. लहान मुलं हे शब्दांत सांगत नाहीत. ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतात, आईचा पदर सोडत नाहीत, किंवा खेळात तोच प्रसंग परत परत मांडतात.

याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सुमारे ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा एखादा भयंकर प्रसंग येतो. त्यांतल्या साधारण ५ ते ६ टक्क्यांनाच हा विकार जडतो. बाकीची बहुतेक माणसं काही आठवडे-महिने हलतात आणि आपल्या माणसांच्या आधारानं सावरतात. म्हणजे अपघातानंतर पंधरा दिवस झोप न लागणं हा आजार नाही. प्रत्येक रडणाऱ्याला दवाखान्यात नेण्याची गरज नसते. आणि तेवीस वर्षं अंगणात झोपणाऱ्या बाईला 'स्वभावच तसा' म्हणून सोडून देणं हा अन्याय आहे. या दोन्हींत फरक करता येणं एवढंच घरच्यांकडून हवं असतं.

इथं मला आपल्या सांत्वनाच्या रीतीबद्दल बोलायचं आहे, कारण मावशीच्या बाबतीत ती रीत जवळून पाहिली.

कुणी गेलं की आपल्याकडे माणसं येतात, दहा दिवस घर रिकामं ठेवत नाहीत, शेजारून पिठलं-भाकरी येते. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि शहरांत ती हरवत चालली याचं मला दुःख आहे. पण येणारा प्रत्येक जण बसता बसता विचारतो, "कसं झालं?" मग ज्याच्यावर बेतलं त्यानं सगळं पहिल्यापासून सांगायचं. तोवर दुसरा येतो. "शेवटचं काय बोलला?" भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या मावशीला पहिल्या पंधरवड्यात किती जणांनी हे विचारलं असेल, मोजदाद नाही. नातेवाईक, पुढारी, पत्रकार, मदत घेऊन आलेली मुलं. तिनं प्रत्येकाला सांगितलं. तीच चार वाक्यं. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. 'बोलून टाक, मोकळी हो,' यावर आपला सगळ्यांचा विश्वास आहे.

एकेकाळी पाश्चात्त्य तज्ज्ञांचाही होता. आपत्तीनंतर लगेच माणसाला बसवून एका बैठकीत सगळं बोलतं करायचं, अशी पद्धतच होती. पुढं तिची नीट तपासणी झाली तेव्हा दिसलं की तिनं विकार टळत नाही. काहींचं तर त्यानं अधिकच बिघडलं. आज जागतिक आरोग्य संघटना पहिल्या दिवसांसाठी 'मानसिक प्रथमोपचार' सुचवते, आणि त्यात खोदून विचारणं बसत नाही. माणूस सुरक्षित आहे का ते बघायचं, पाणी, पांघरूण, कोरडी जागा द्यायची. तो बोलला तर ऐकायचं, गप्प राहिला तर शेजारी गप्प बसायचं. हरवलेल्या माणसाची खबर काढून द्यायची. पुढची मदत कुठं मिळेल ते सांगायचं. वाचताना मला पिठलं-भाकरी आणणाऱ्या शेजारणी आठवल्या. त्यांचं बरोबर होतं. "कसं झालं?" तेवढं गाळायला हवं होतं.

किल्लारीचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या १९९३ च्या भूकंपानंतर मनाचं कुणी पाहिलंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानं भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला होता, तेव्हा डॉ. मोहन आगाशे त्या संस्थेची धुरा सांभाळत होते. नाटक-सिनेमातून महाराष्ट्राला माहीत असलेला हा नट पेशानं मानसोपचारतज्ज्ञ आहे. १९९६ साली एका अमेरिकी मानसोपचार नियतकालिकात भूकंपातून वाचलेल्या काही जणांच्या तपासणीचा छोटा अहवाल आला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांमध्ये निदान करण्याजोगा विकार आढळला होता. आघातोत्तर ताण आणि नैराश्य हे मुख्य. भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं, वाढवलं. ही कामं झाली, त्यांची किंमत मोठी आहे.

पण कामाचा मुख्य ओघ घरांकडे होता, आणि घरं मोजता येतात. जागतिक बँकेचं कर्ज आलं, गावं नव्या जागी हलली, आखीव रस्ते झाले. जुन्या गावात गल्ली होती, एकीचं जातं वाजलं की दुसरीला कळायचं. नव्या गावात दोन घरांत एवढं अंतर, की हाक मारावी लागते. मावशी म्हणते, "घर मोठं झालं, पर बोलायला माणूस ऱ्हाईलं न्हाई." वाचलेल्याला सावरतं ते शेजारपण नकाशा आखणाऱ्यांच्या हिशोबात नव्हतं. तीस जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळिये, जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी पहिली बातमी मृतांची, दुसरी घरांची. तिसरी बातमी, वाचलेल्यांच्या रात्रींची, सहसा येत नाही.

आणि डोंगर काही सगळ्यांच्या अंगावर कोसळत नाही. धसका घेतलेली बहुतेक माणसं अशा आपत्तीतली असतात जिचा पंचनामा होत नाही. नवऱ्याची गाडी दारात थांबल्याचा आवाज आला की जिच्या पोटात गोळा येतो ती. ओळखीच्या, घरातल्याच माणसानं लहानपणी जिच्या किंवा ज्याच्या अंगाला हात लावला, आणि 'कुणाला सांगू नको' एवढ्या तीन शब्दांवर ज्याचं बालपण संपलं तो. बाळंतपणात मरणाच्या दारातून परत आलेली. दोरीला लटकलेला बाप ज्या मुलानं पहिल्यांदा पाहिला तो, विदर्भ-मराठवाड्यात अशी मुलं आता मोठी होऊन स्वतः शेती करत आहेत. लहानपणापासून वर्षानुवर्षं छळ सोसलेल्यांचा धसका वेगळा, जास्त गुंतागुंतीचा असतो. माणसांवरचा आणि स्वतःवरचाच विश्वास त्यात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली आहे.

मावशीच्या उपचारांची पहिली पायरी चुकली, तेही सांगते, कारण ही चूक गावोगाव होते. २००० च्या सुमारास काका तिला तालुक्याच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले होते. "झोप येत नाही," एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. कशामुळं येत नाही, कधीपासून, कुठं झोपता, काही विचारलं नाही. पुढं वर्षानुवर्षं ती गोळी चालू राहिली, औषधाच्या दुकानातून तीच चिठ्ठी दाखवून. गोळीनं गुंगी यायची, धसका जागच्या जागी राहायचा. या जातीच्या गोळ्यांची सवय लागते, आणि आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ पासून स्पष्ट सांगितलेलं आहे. या विकाराला चालणारी औषधं आहेत. ती मुख्यतः नैराश्यावरची, सर्ट्रॅलिनसारखी. ती मानसोपचारतज्ज्ञानं द्यायची, काही आठवड्यांनी गुण येतो, आणि मनानं बंद करायची नाहीत. झोपेची गोळी म्हणजे ती नव्हे.

त्याआधी एका भगताकडेही नेऊन झालं होतं. मुलाचा आत्मा घुटमळतोय, असं त्यानं सांगितलं आणि बोकड मागितला. देवळात, दर्ग्यात बसून ज्याला शांत वाटतं त्यानं जरूर बसावं, माझी आई आजही बसते. पण गेलेल्या लेकराचं भय आईलाच घालणाऱ्या माणसाला मी क्षमा करू शकत नाही.

योग्य दार सापडलं ते २०१६ साली, तेही माझ्या मामेबहिणीमुळं. ती आशा कार्यकर्ती आहे. एका प्रशिक्षणात तिला ही लक्षणं सांगितली होती, आणि ती घरी येऊन म्हणाली, "ताई, हे तर आपल्या आत्याचंच सांगत होते." जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात मावशीची तपासणी झाली, जुनी गोळी हळूहळू कमी करत बंद झाली, आणि तिथून सोलापूरच्या त्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवणी झाली. दर मंगळवारी, एसटीनं. मी जमेल तेव्हा बरोबर जायची.

सुरुवातीच्या बैठकांत भूकंपाचा विषयच निघाला नाही. मी अस्वस्थ झाले. मला वाटलं, वेळ जातोय. त्या आधी तिला श्वास सावकाश सोडायला शिकवत होत्या, पाय जमिनीला लागलेत हे जाणवून घ्यायला, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला. "खोल पाण्यात उतरायच्या आधी काठ पक्का हवा," त्या म्हणाल्या. मग दोघींनी मिळून एक यादी केली. सगळ्यांत सोपं वर, सगळ्यांत अवघड खाली. दिवसा, दार उघडं ठेवून, दहा मिनिटं आतल्या खोलीत बसणं. मग वीस मिनिटं. मग दार लोटून. मग दुपारी आडवं होणं. सगळ्यांत खाली: रात्रीची झोप. रोज घरी त्यातली एक पायरी. भीती चढते, शिखरावर जाते आणि पळून न जाता थांबलं तर आपोआप उतरते, हे अंगाला शिकवायचं. पहिल्या दिवशी मावशी चार मिनिटांत बाहेर आली. बाईंनी फोनवर तिचं कौतुक केलं, "चार मिनिटं बसलात!"

आणि मग ती रात्र. ती सांगताना मी तिथं नव्हते, असणं योग्यही नव्हतं. जे लिहिते आहे ते मावशीनं नंतर मला स्वतः सांगितलं.

पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांना सांगितलेल्या त्या चार वाक्यांत एक वाक्य नव्हतं. तेवीस वर्षं ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, काकांनाही नाही. त्या रात्री पोराला भिंतीकडेला तिनंच निजवलं होतं. एरवी तो दाराकडं झोपायचा.

बाईंनी तिला 'तुमची काही चूक नाही' असं म्हटलं नाही. ते तिनं ऐकलंच नसतं. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी भिंतीकडं का निजवलं?"

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्येला सर्दी झालती. इसर्जनात भिजला व्हता. दाराकडनं गार वारं येत व्हतं."

"म्हणजे त्याला वारं लागू नये म्हणून."

मावशी म्हणाली, त्यानंतर ती जी रडली, ती भूकंपाच्या दिवशीही रडली नव्हती. तासाभरानं तिनं लेकाचं नाव घेतलं, आणि तो गूळ-शेंगदाणे खिशात भरून शाळेत कसा जायचा ते सांगितलं.

"हितं वारं लागतंय," हे तिचं उत्तर आम्ही तेवीस वर्षं ऐकत होतो.

उपचारांच्या वेगवेगळ्या रीती आहेत. मावशीला लागू पडली ती भीतीला पायरीपायरीनं सामोरं जायची आणि अपराधाचा विचार तपासून बघायची, म्हणजे आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर नावाची दुसरी पद्धत आहे, १९८७ मध्ये फ्रान्सिन शापिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुरू केलेली. तिलाही संशोधनाचा आधार आहे. साधारण आठ ते पंधरा बैठकांत पुष्कळांना स्पष्ट फरक पडतो. मावशीला अठरा लागल्या. मधे दोनदा ती 'आता येत नाही' म्हणून घरी बसली. हेही होतं, आणि परत जाता येतं.

अडचण आहे ती माणसांची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. लाख माणसांमागे आपल्याकडे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. त्यावर वाट काढणारे प्रयोग मात्र आपल्या जवळच झाले. गोव्यात 'संगत' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून नैराश्याचं समुपदेशन करून दाखवलं, आणि ते गुणकारी ठरल्याचं २०१७ मध्ये 'लॅन्सेट'नं छापलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उभ्या केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थनं मनाच्या आजाराबद्दल मराठीत, उघडपणे बोलायची सवय लावली. आशाताईंच्या प्रशिक्षणात धसक्याची लक्षणं असावीत, दर वर्षी असावीत, ही मागणी मी इथं लेखी करते. माझी मामेबहीण त्या दिवशी प्रशिक्षणाला गेली नसती तर मावशी आजही पडवीत असती.

कुणाकडे जायचं याचा घोळ होतो, म्हणून थोडं स्पष्ट. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, बोलून उपचार करतात; त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. 'आघातावर काम केलं आहे का?' हेही विचारावं. पहिल्याच भेटीत सगळं ओकायला लावणाऱ्या, किंवा 'विसरून जा, देवाचं नाव घ्या' म्हणून वाटेला लावणाऱ्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. दुसरं दार ठोठावावं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सरकारी यंत्रणेकडून हे उपचार मिळणं हा हक्क केला आहे. त्याच कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे, त्याला शिक्षेऐवजी मदत द्यायची आहे. कुठूनच सुरुवात सुचत नसेल तर १४४१६ हा क्रमांक लावावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेली मानस' ही सरकारी सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही. घरात मारहाण होत असेल तर १८१, लहान मुलासाठी १०९८.

मावशी पूर्वीसारखी झाली का? नाही. तिचं पोर परत आलेलं नाही. तीस सप्टेंबरला ती अजूनही जेवत नाही. पण आता त्या दिवशी ती मळ्यात एकटी जात नाही. मुलीच्या मुलांना घेऊन जुन्या गावच्या जागेवर जाते, मामाचं घर कुठं होतं ते त्यांना दाखवते आणि गूळ-शेंगदाणे वाटते. पलंगावरची पोती दुसऱ्या खोलीत गेली आहेत. ती आत झोपते. दाराकडेला, दार किलकिलं ठेवून.

दिवाळीत बाहेर फटाके वाजत असतील. तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत एखादं माणूस त्या आवाजानं आत जाऊन बसत असेल. आजोबा असतील, नवी सून असेल, शाळकरी मुलगा असेल. त्याला भित्रा म्हणू नका, कसं झालं ते विचारू नका. शेजारी जाऊन बसा. आणि दिवाळी झाली की त्याला घेऊन दवाखान्यात जा.